शॉकअपच्या आत

वसमत रोडवरच्या रसवंतीसमोरचा गतिरोधक भारतला तोंडपाठ होता. रोज सकाळी दुकानाकडे जाताना तो यायच्या आधीच भारत अंग सैल सोडायचा, सायकलचं पुढचं चाक वर चढायचं, शॉकअप भसकन खाली बसायचा आणि पुन्हा वर यायचा, कुणी वाकून नमस्कार करून उठावं तसा. त्या दिवशी शॉकअप बसलाच नाही. चाक आपटलं आणि तो ठोका जसाच्या तसा हँडलमधून तळहातात, तळहातातून मनगटात आणि मनगटातून कोपराच्या हाडापर्यंत गेला. भारत कडेला थांबला. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत राहिले, आणि तो आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागच्या जागी दिसत होती, पण असल्यासारखी वाटत नव्हती. दुसऱ्याच्या हातातली दोन बोटं कुणी आणून लावावीत तशी. मुंग्या तर गेले कित्येक दिवस येत होत्याच. हात झटकला की त्या उतरायच्या आणि तो त्यांना विसरायचा. आज त्याने हात झटकला, मूठ उघडली-मिटली, मनातल्या मनात पांडुरंगाचं नाव घेतलं. बोटं आली नाहीत.

दुकान चष्म्याचं होतं. मालक नंबर काढायचे, गिऱ्हाईक फ्रेम पसंत करायचं, आणि काच घासून बसवायचं शेवटचं काम भारतच्या हाताकडे यायचं. वीस वर्षं त्या बोटांनी खसखशीएवढे स्क्रू उचलले होते. त्या दिवशी पाथरीकडचे एक म्हातारे धनगर, येडबा म्हणून, मोडका चष्मा घेऊन आले. दांडीच्या सांध्याला काहीतरी पिवळं चिकटवलं होतं आणि त्यावरून काळी लोकर गुंडाळली होती.

"बाबा, हे कुणी केलं?"

"कुणी म्हंजे? मीच की. बाभळीचा डिंक हाय. वर लोकर."

"मोडल्या मोडल्या आणायचा न्हाई का?"

"आणला असता तर तुमी म्हणला असता, नवा घ्या. आता काढला का न्हाई तिनं एक पावसाळा?"

एरवी भारतने अशा माणसाला दोन शब्द सुनावले असते. घरी चिकटवून आणलेले चष्मे त्याच्या कामाचे वैरी. पण ती लोकर इतकी एकसारखी, इतक्या निगुतीने गुंडाळली होती, की ती कापताना त्याचा हात थबकला. लोकर कापली, डिंक खरवडला, नवा स्क्रू चिमटीत घेतला आणि स्क्रू पडला. दुसरा घेतला, तोही पडला. हाताचा तोल राखायला खाली टेकवलेली ती दोन बोटं कुठं टेकली आहेत हेच त्याला कळत नव्हतं. येडबा काउंटरवर वाकून बघत होते. "आरं, तुमालाबी चष्मा लागतंय म्हणायचं," ते म्हणाले आणि मनापासून हसले. भारतही हसला. हसता हसता त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

कारण रविवारी बोरीला काल्याचं कीर्तन होतं. सप्ताहाची सांगता, कीर्तनाला गीताबाई, आणि मृदंगाला भारत. गीताबाईंच्या मागे वाजवायला मिळणं म्हणजे काय, हे ज्याने त्यांना ऐकलंय त्यालाच सांगता येईल, आणि ज्याने ऐकलंय त्याला सांगायची गरज नाही. लहानपणी त्या आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायच्या. पाचटाच्या कोपीत झोपायचं, पहाटे फडात उतरायचं. लय आपण कुणा बुवाकडे शिकलो नाही, कोयत्याच्या ठोक्यावर शिकलो, असं त्या भर कीर्तनात सांगायच्या, आणि कोयता कसा पडतो ते हाताने दाखवता दाखवता असा काही स्वर लावायच्या की मागच्या टाळकऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यांचा आवाज गोड नव्हता. तो आवाज ज्वारीच्या भाकरीसारखा होता, खरबरीत आणि पोट भरणारा. अशा बाईच्या मागे वाजवताना एखादा बोल फसला तर त्या मागे वळत नसत. फक्त त्यांचा डावा खांदा किंचित हलायचा. भारतने तो खांदा दुसऱ्यांसाठी हललेला पाहिला होता. स्वतःसाठी कधी नाही. आणि मृदंगावर 'ति' काढायचा म्हणजे मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी अशी तिन्ही एकदम उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर पडावी लागतात. त्यातली दोन जर आलीच नाहीत, तर उरतं ते नुसतं लाकूड ठोकल्यासारखं.

त्या दिवसापासून भारतच्या मनात मुंजाजी महाराज येऊन बसले. उठेनातच. देवगाव फाट्यापासून आत त्यांचं गाव. भारत पोरगेला असताना शनिवारी-रविवारी त्यांच्याकडे मृदंग शिकायला जायचा. महाराजांचा एक नेम होता. कीर्तनाआधी धुमेच्या, म्हणजे डाव्या बाजूला कणीक लावायची ती स्वतः. पाणी किती, मळायची किती, थापायची कुठं, हे दुसऱ्याला करू द्यायचं नाही. मात्र उजवीकडची शाई उडाली की मृदंग कापडात बांधायचा आणि कारागिराकडे न्यायचा. "शाई भरता येत न्हाई का तुमाला?" भारतने एकदा विचारलं होतं. "येती की," महाराज म्हणाले, "पण माजी भरलेली मला ऐकू येती. त्याची भरलेली ऐकू येत न्हाई, नुसता देव ऐकू येतो." असा माणूस. त्या माणसाची शेवटची वर्षं भारतला आठवत होती. एकदा चहा आला. महाराजांनी काचेचा गरम पेला अख्ख्या मुठीत धरला, वाफ निघत होती, आणि ते निवांत बोलत होते. भारत भारावून बघत राहिला. त्याला वाटलं, ही साधना. हा देह आता देवाचा झाला. पेला खाली ठेवल्यावर तळहातावर फोड दिसला, महाराजांनी तो बघितला आणि पेला पुन्हा उचलला, कुणाला दिसू नये म्हणून. साखर नसांत उतरली होती. पुढे ते मृदंग समोर ठेवून नुसते तोंडाने बोल म्हणायचे, आणि शेवटी शेवटी तेही नाही.

भारतलाही साखर होती. निघाली तेव्हा मुलीने, ऋतिकाने, पहिल्या पगारातून पुण्याहून ही सायकल पाठवली होती. जाड चाकांची, पुढे दोन चकचकीत दांड्यांचा शॉकअप, डोंगरावर चालवायची सायकल. परभणीत डोंगर कुठला, असं त्याची बायको राणी म्हणाली होती. "रस्ते बघितले का आपले?" असं भारत म्हणाला होता. सायकल आल्यापासून साखर ताब्यात होती. निदान मागे तपासली तेव्हा होती. आता त्याच्यासमोर दोनच गोष्टी होत्या. शॉकअप जाम झाला असेल तर रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ तळहातात येत होता आणि बोटं त्याने बधिर झाली होती. मग शॉकअप सुटला की बोटंही सुटतील. आणि शॉकअप आतून ठणठणीत असला, नुसतं त्या दिवशी काही अडकलं असलं, तर मग बोटांचं कारण दुसरं होतं. ते कारण त्याने एका पेल्यात पाहिलं होतं. दवाखाना दुकानापासून चार पावलांवर होता. तिकडे त्याची मान वळत नव्हती. दिवसभर तो शॉकअपचाच विचार करत होता.

स्टेशनजवळ पप्पूचं सायकलचं दुकान. पप्पूने हँडल धरून सगळं वजन टाकून दाबलं. शॉकअप इंचभरही हलला नाही. तो चाकाशी उकिडवा बसला आणि दांडीवरून बोट फिरवून बोट नाकाशी नेलं.

"काका, खोटं बोलून तुमचं काम घेत न्हाई. साधा असता तर आत्ता उघडला असता. हवेचा हाय. पुण्याला पाठवा, ते लोक उघडून, धुऊन, सील बदलून देतेत. येईल निवांत."

"आत काय झालंय ते सांगतेत का?"

"कशाला सांगतील? चालू करून देतेत की."

"पण आत काय निघालं ते?"

पप्पूने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमाला सायकल पायजे का सायकलचं पोस्टमार्टम?"

हेच तर होतं. पुण्यातल्या माणसाच्या हुनराबद्दल भारतच्या मनात शंका नव्हती. तो स्वतः हुनराचं खात होता, लोकांनी चष्मे घरी उघडू नयेत असंच त्याचं मत होतं. पण तो माणूस शॉकअप पुसून, तेल भरून, नव्यासारखा करून परत धाडील, आणि त्या पुसलेल्या फडक्यात काय होतं ते भारतला कधीच कळणार नाही. ते फडकं त्याला पाहिजे होतं.

ऋतिका फोनवर वैतागली. "बाबा, तुम्ही नका हात लावू. इथे माझ्या ओळखीचा आहे एक, सुंदर करतो. मी पार्सल मागवून घेते."

"बाई, मला एकदा बघू दे."

"काय बघायचंय त्यात?"

त्याने फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग तिने सुस्कारा सोडला, तो सुस्कारा थेट राणीचा होता. "बरं. मी लिस्ट करून काय पाठवत नाही, तुम्ही व्हिडिओ लावा, मी बघत बसते. आणि शॉकअपच्या उजव्या पायातली आतली नळी उघडायची नाही. कळलं? ती माझ्या माणसाची." भारतला मुंजाजी महाराजांची कणीक आणि शाई आठवली, आणि पोरीला हे कुणी शिकवलं असेल असं वाटून ऊर भरून आला. तिने तर महाराजांना पाहिलंही नव्हतं.

दुकानाच्या सुटीच्या दिवशी सकाळी पूजा आटोपून त्याने सायकल अंगणात उलटी केली, पुढचं चाक काढलं, परात ठेवली, जुनं धोतर फाडून फडकी केली. राणी गहू निवडत दारात बसली. तिला फक्त शॉकअपचं माहीत होतं. "शॉकअप उघडायलात का सत्यनारायण घालायलात?" ती म्हणाली. "चौरंग आणू का?" ऋतिका फोनमधून हसली. भारतने वरच्या टोपणाखालची हवा सोडली, फुस्स आवाज झाला. पायांच्या तळाशी दोन बोल्ट होते, ते अर्धे सैल केले, आणि मृदंगाची हातोडी घेऊन, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, हलके ठोकायला लागला. हे त्याला येत होतं. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून मृदंग स्वरात आणताना जसं ऐकत ऐकत ठोकायचं, तसंच. ठोक्याचा आवाज आधी भरीव होता, मग जरा पोकळ झाला, मग एकदम मोकळा. "सुटलं," तो म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?" ऋतिकाने विचारलं. त्याने बोल्ट काढले आणि खालचे दोन्ही पाय धरून ओढले. आले नाहीत. पुन्हा ओढले. राणीने सूप बाजूला ठेवलं, उठून सायकल धरली. "हं, ओढा." दोघांनी जोर लावला तेव्हा, चिखलातून पाय उपसताना होतो तसा आवाज करत, ते बाहेर आले.

परातीत थेंबभरही तेल पडलं नाही. जे आलं ते सावकाश घरंगळत आलं, लोण्याएवढं घट्ट, काळं, आणि काळ्यात लाल. भारतने ते बोटावर घेतलं. नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, इतका ओळखीचा की आधी नावच आठवेना. मग त्याच्या डोळ्यांपुढे गल्लीच्या कोपऱ्यावरचा मारुती आला. दर शनिवारी तो मारुतीला तेल वाहायचा. वाटीत थोडं उरायचं, त्यात शेंदराचा कण उतरलेला असायचा. ते तेल टाकून कसं द्यायचं? तो घरी येऊन त्याच तेलाचं बोट सायकलच्या चकचकीत दांड्यांना लावायचा. पोरीने दिलेलं वाहन, त्यालाही शनिवार पाहिजे. दांड्या झळकायच्या. दिवसभर काळ्या रानाची धूळ त्यावर बसायची, आणि शॉकअप वर-खाली होताना ती तेलासकट आत घ्यायचा. मुकाट्याने, शनिवारमागून शनिवार. आतली स्पंजची चकती त्याने काढली. ती दगडासारखी झाली होती.

"बाबा, हे काय आहे?" ऋतिका पडद्यात वाकून बघत होती.

"मारुतीचं तेल हाय, बाई."

मग राणी जी हसायला लागली ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकलीच. "देवा रे! बिचाऱ्याला दोन वरसं तेल पाजायलेत! मारुतीला तरी बाहेरून घालतेत!" ऋतिका हसत होती, भारतही हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शॉकअप जाम होता. खरोखर जाम होता. त्या लाल-काळ्या चिकट्याचा त्याला राग येईना. तो फडक्यावर घेऊन उन्हात धरावासा वाटला. दुसऱ्या कुणी उघडला असता तर हे घाण म्हणून पुसून टाकलं असतं.

पुढे दुपारपर्यंत त्याने एकेक भाग धुतला. आणि धुताना त्याला त्या वस्तूबद्दल जे वाटत गेलं ते त्याने कुणाला सांगितलं नसतं. कुणा माणसाने कुठेतरी बसून विचार केला होता, की रस्ता मारणारच. मार चुकवता येत नाही, पण तो घ्यायचा कसा हे ठरवता येतं. थोडी हवा, थोडं तेल, दोन नळ्या एकमेकींत. दणका येतो, आत जातो, आतल्या आत विरतो आणि माणसापर्यंत पोचतो तेव्हा नुसता एक झोका उरलेला असतो. कीर्तनात संतांच्या सोसण्याचं वर्णन तो लहानपणापासून ऐकत आला होता. लोकांनी छळलं, त्यांनी आत घेतलं, आणि आपल्यापर्यंत नुसता अभंग येऊ दिला. हे त्याला पटायचं, पण हातात धरून पाहिलेलं नव्हतं. आज परातीत होतं. उजव्या पायातली ती बंद नळी त्याने फडक्याने नुसती बाहेरून पुसली. तिच्या आत काय आहे हे बघावंसं त्याला अजिबात वाटलं नाही. ज्याची होती त्याने ती नीट भरली होती.

संध्याकाळी ऋतिकाच्या सांगण्याप्रमाणे मोजकं नवं तेल घालून, पप्पूकडून हवा भरून, तो गतिरोधकावर गेला. शॉकअप बसला. उठला. इतका अलगद की भारत वळून पुन्हा गेला, आणि पुन्हा. रसवंतीवाला बघत होता. "काय काका, हरवलं का काही?" भारतने मान हलवली. दोन बोटं अजून नव्हती. त्याला वाटलं होतं, शॉकअप सुटला की त्याच क्षणी येतील. हँडल आता हाताला लागतही नव्हतं, आणि बोटं मुकीच. शनिवारी त्याने सायकलला हात लावला नाही. मारुतीला तेल वाहिलं, उरलेलं पिंपळाच्या मुळाशी घातलं. संध्याकाळी मृदंग काढून हळूच 'ति' वाजवून बघितला. लाकूड.

रविवारी तो आणि राणी जिंतूरच्या एसटीने बोरीला उतरले. मंडप गच्च भरला होता. गीताबाई आल्या, भारतच्या मृदंगाला हात लावून तो कपाळाला लावला. "जय हरी, महाराज. पोरीनं सायकल दिली म्हणं. मला बसवता का मागं?" त्याने सांगायला तोंड उघडलं होतं, पण टाळ सुरू झाले. पहिल्या चालीत निभलं. दुसरीत लय चढली, आणि जिथे 'तिटकत' पडायचा तिथे त्याचा उजवा हात खट् असा वाजला. गीताबाईंचा डावा खांदा हलला. भारतने डोळे मिटले. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा खट्. मग जे झालं ते आजवर झालं नव्हतं. गीताबाई गाता गाता पूर्ण मागे वळल्या, त्याच्या हाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, आणि लोकांकडे तोंड करून म्हणाल्या, "मृदंगमहाराजांच्या उजव्यानं आज एकादशी धरली वाटतं!" मंडप हसला. "धरू द्या. डाव्याचा परसाद मागू आपण." आणि त्यांनी चालच बदलली. द्रुत सोडून इतक्या संथ, इतक्या खोल लयीत उतरल्या की तिथे उजव्या हाताला काही कामच उरलं नाही. नुसती धुम. कणकेतून घुमत येणारी, जमिनीतून पायात चढणारी. टाळकरी गोंधळले, मग सावरले. तिथून काल्याचं निरूपण सुरू झालं. गवळ्यांच्या पोरांच्या शिदोऱ्या, कुणाची भाकर, कुणाचं लोणचं, कुणाचं नुसतं ताक. त्यांच्यात एक पोरगं मागं मागं लपत होतं, शिदोरी धड नव्हती म्हणून. "आन् देवानं हात कुणाकडं केला आधी?" गीताबाईंनी विचारलं. "जे लपवायलंय त्याच्याकडं. देव असाच लय चौकशा करतो बगा." लोक हसले, आणि भारतने मान खाली घातली. या बाईने सगळ्यांसमोर त्याचं उणं बोलून दाखवलं होतं, आणि त्याला उघड्यावर पडल्यासारखं वाटत नव्हतं. एवढा दणका, आणि त्याच्यापर्यंत नुसता झोका आला होता.

हंडी फुटली, रांगा लागल्या. लोक एकमेकांना काला भरवत होते, म्हाताऱ्या म्हाताऱ्यांना, सासवा सुनांना. भारतच्या पुढ्यात एका बाईने परात आणली. त्याने उजवा तळहात पुढे केला. दही, लाह्या, लोणच्याचा खार. काला थंडगार होता. अंगठ्याला कळलं. पहिल्या बोटाला, मधल्याला कळलं. करंगळी तशीच मुकी. पण शेजारच्या बोटाची मधल्या बोटाकडची कड गार झाली होती. काल ते अख्खं बोट त्याचं नव्हतं. तो तसाच उभा राहिला, दही मनगटावर ओघळू लागलं.

"खा की. काय बघत बसलात?" राणी म्हणाली.

"ह्या बोटाला अर्धं कळायलंय."

"म्हंजे?"

"दोन बोटं गेली होती माझी. बरेच दिस झाले. ह्याची एक बाजू आज आली."

राणीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने त्याचा हात मनगटाशी धरून उलटा-सुलटा केला, काला सांडू न देता. "मला सांगितलं न्हाई."

"मुंजाजी महाराजांचा हात आठवायचा."

तिने त्याचं मनगट सोडलं नाही. भोवती लाह्या उडत होत्या, कुणीतरी गजर करत होतं.

"उद्या दवाखान्यात चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "साखरंचं काय असंल ते असू दे. एकट्याला जायचं हुत न्हाई."

राणीने आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव होतं. मग तिने त्याच्या तळहातावरचा काला चिमटीने उचलला.

"आ करा," ती म्हणाली.